पाच उजव्या फेऱ्या

सकाळी साडेसातला शिवांजलीनं आईला सांगितलं, किलोभर कणीक मळ, चांगली घट्ट, तेल-मीठ काही घालू नकोस आणि दुकानात घेऊन ये. सोनालीला वाटलं, पाहुण्यांना पुऱ्या करायच्या असतील. मीठ नको म्हटल्यावर मात्र तिचा हात परातीवरच थांबला.

"गाडीला लावायचीय," शिवांजली म्हणाली आणि गेलीसुद्धा.

या घरात येऊन सोनालीला अठ्ठावीस वर्षं झाली होती. आपलं पोळपाट ट्रकच्या जॅकखाली बसलेलं तिनं पाहिलं होतं. लोणच्याच्या बरणीत ग्रीस सापडलं होतं. हायवेला लागून टायरचं दुकान आणि दुकानाला लागून घर असलं की घरातल्या कुठल्या वस्तूवर कधी कोणाचा हात पडेल याचा नेम नसतो. पण गाडीला कणीक हे तिच्यासाठीही नवीनच होतं. तिनं पीठ घेतलं, पाण्याचा हात मारला आणि मळता मळता तिच्या लक्षात आलं, की आपण देवाचं नाव घेतोय. पोरीच्या दहावीच्या निकालाला घेतलं नव्हतं एवढं.

कारण आज दुकानाचा निकाल होता. येरमाळ्याच्या त्या दुकानाची हायवेकडची सगळी पट्टी सोलापूरच्या एका हॉटेलवाल्यानं विकत मागितली होती. सोमवारी कागद व्हायचे होते. सोनालीचा नवरा इंद्रजित तयार होता. त्याची कंबर गेली होती, आणि लेकीनं ट्रक ड्रायव्हरांच्या घोळक्यात बसून टायर खोलावेत हे त्याला पहिल्यापासून पसंत नव्हतं. लेक म्हणत होती, दुकान मला द्या, मी चालवते. पुण्यात दोन वर्षं तिनं हेच काम केलं होतं. बाप-लेकीत महिनाभर अबोला होता आणि मधे सोनालीची तारांबळ. शेवटी गुरुवारी जेवताना बलभीम आबांनी तोंड उघडलं. आबा म्हणजे सोनालीचे सासरे, दुकान त्यांनीच उभं केलेलं. ते म्हणाले, धाकट्याचा रणधीर त्याची नवी गाडी घेऊन येतोय, तिला रुंद चाकं बसवायचीत. शिवांजलीनं ती बसवावीत. रविवारी गाडी त्या चाकांवर डोंगर चढून येडाईदेवीच्या पायाशी गेली तर दुकान राहील. नाही गेली तर सोमवारी कागद होतील. आबांनी वाटीतलं ताक संपवलं आणि हात धुतले. आबांचा शब्द म्हणजे त्यावर पुन्हा बोलणं नाही.

सोनालीनं कणकेवर ओलं फडकं टाकलं, परात कडेवर घेतली आणि निघाली.

गाडी काल संध्याकाळी आली होती. आली म्हणण्यापेक्षा आधी तिचा आवाज आला आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. रणधीर हा इंद्रजितच्या धाकट्या भावाचा मुलगा, पुण्यात वाढलेला. त्यानं ती कुणाकडून तरी जुनी घेतली होती, पण जुनी म्हणायला कुणाची जीभ वळेना. लांब नाक, दोनच दारं, कंबरेएवढी उंची आणि काळ्या जांभळासारखा रंग. दुकानाच्या आवारात येऊन ती थांबली तरी ती थांबलीय यावर विश्वास बसत नव्हता. माणसं तिच्यापासून चार हात लांब उभी राहून बोलत होती, तेही हळू आवाजात. लिंबाजी, दुकानातला सर्वांत जुना माणूस, ज्यानं पन्नास वर्षांत बैलगाडीपासून ऊसतोडीच्या ट्रकपर्यंत काय काय उचललं होतं, त्यानं तर पायातल्या चपला काढल्या. मग काय केलं ते कळल्यावर ओशाळून पुन्हा घातल्या.

चाकं वेगळ्या चार खोक्यांत होती. ती सकाळी उघडली.

आबा खुर्ची घेऊन समोरच बसले. वय अठ्ठ्याहत्तर, डोळ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पण चाक दिसलं की त्यांना बाकी काही दिसायचं नाही. हे चाक म्हणजे बारीक आऱ्यांचं, पितळी रंगाचं, आणि लिंबाजीनं एका हातानं उचललं इतकं हलकं. टायर तर आबांनी आयुष्यात असला पाहिला नव्हता. त्यांनी वीत टाकली. एक वीत भरली, वर चार बोटं उरली. रिमच्या वर उंची मात्र पाचच बोटांची.

"हे मागचं?" त्यांनी विचारलं.

शिवांजली म्हणाली, मागचं दोनशे पंच्याऐंशी मिलिमीटरचं, पुढचं दोनशे पंचावन्नचं. आधीची तीस-चाळीसनं अरुंद होती.

आबांनी टायरवर हात ठेवला तो काढलाच नाही. चौऱ्याहत्तर साली या पट्ट्यात बैलगाड्यांना लाकडी चाक आणि वर लोखंडी धाव असायची. पावसाळ्यात काळ्या रानात ती धाव रुतली की बैल गुडघ्यावर यायचे. आबांनी सोलापूरहून विमानाची जुनी रबरी चाकं आणून पहिली डनलॉप गाडी बांधली, तेव्हा गाव हसायला जमलं होतं. मग ती गाडी भरल्या मालानिशी चिखलावरून निघून गेली आणि हसणं बंद झालं. रुंद चाक जमिनीला ओझं वाटून देतं, हे आबांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांना ते दिसलं होतं. आणि आज पन्नास वर्षांनी तीच गोष्ट त्यांच्या नातीच्या हातात असली देखणी होऊन आली होती. एवढ्या सगळ्या माणसांत डोळे पुसायचे कसे म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

शिवांजलीनं रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावलं, टायर मशीनवर चढवला आणि आत हवा सोडली. हवेचा सुस्कारा वाढत गेला. मग टायरची कड आपल्या जागेवर बसली ती बंदुकीच्या बारासारखी, एकदा आणि पुन्हा एकदा. आवारातली कुत्री पळाली. धुरपदाबाईंनी कानांवर हात ठेवून "आई गं" म्हटलं. धुरपदाबाई म्हणजे आबांची थोरली बहीण, माकणीला दिलेली. गाडीच्या पूजेसाठी त्या खास आल्या होत्या आणि पूजेत कुणी काय चुकतंय हे पाहायला सर्वांत आधी उठल्या होत्या. चार टायर, आठ बार. आठव्याला कुणीच दचकलं नाही, उलट सगळे त्याची वाट पाहत होते.

इंद्रजित हे सगळं दुकानाच्या पायरीवरून पाहत होता. तो मदतीला उठला नाही. उठलो तर पोरीला वाटेल, बाप बाजूनं झाला, आणि नाही उठलो तर गावाला वाटेल, बाप जळतो, अशी त्याची पंचाईत. पण नजर तर कुणाला बांधून ठेवता येत नाही. लेक हबवर ॲल्युमिनियमची कडी बसवत होती, चाक मधोमध बसावं म्हणून. इंद्रजितच्या काळात चाक कसं बसवायचं, तर नट आवळायचे, पान्यावर उभं राहून एक झटका द्यायचा. ही पोरगी समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत होती. मग जोर मोजणारा लांब पाना लावून हलकेच दाबत होती, आणि तो पाना टक् वाजला की हात काढून घेत होती. टक्च्या पुढं एक केसभरही नाही. जोर तिच्या अंगात नव्हता असं नाही, ती तो वापरतच नव्हती. इंद्रजितला आपली कंबर आठवली. तीस वर्षं पान्यावर उभं राहून घालवलेली कंबर.

त्यानं पायरीवरून विचारलं, "ह्ये कुठं शिकलीस?"

महिन्याभरात लेकीशी बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य. शिवांजलीनं वर न पाहता सांगितलं, "पुण्याला, पप्पा. पहिल्या महिन्यात माझ्या हातून एक बोल्ट तुटला. मग शिकले."

तेवढंच बोलणं झालं. सोनालीनं परातीआडून दोघांकडं पाहिलं आणि घाईघाईनं कणकेवरचं फडकं सारखं केलं.

कणकेचं काम आता आलं. चाक रुंद झालं की ते मडगार्डच्या आत कुठंतरी घासायचा धोका असतो. गाडी जॅकवर असताना चाक मोकळं लोंबतं, तेव्हा ते कशालाच लागत नाही. घासतं ते गाडी खाली आली, आत माणसं बसली आणि चाक वळलं की. म्हणून शिवांजलीनं पुढच्या दोन्ही मडगार्डांच्या आत, चाकाच्या मागच्या बाजूला, कणकेचे जाड थापे लावायला सांगितले. चाक जवळ आलं तर कणीक दाबली जाणार, आणि उरलेल्या जाडीवरून कळणार, की मधे जागा किती आहे. सोनालीनं भाकरी थापावी तसे ते थापे आपल्या हातानं लावले. गाडीखाली अर्धं अंग घालून, नवं लुगडं नेसून. वर आली तेव्हा तिच्या कपाळाला काळं लागलं होतं आणि ती हसत होती. इंद्रजितनं तिला इतक्या मोकळेपणानं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग फेऱ्या. आवाराच्या मधोमध येडाईचा शेंदूर लावलेला दगड होता. दुकान सुरू केलं त्या वर्षी आबांनी तो डोंगराच्या पायथ्याहून आणून बसवला होता. तेव्हापासून दुरुस्त झालेली एकही गाडी त्या दगडाला पाच फेऱ्या घातल्याशिवाय हायवेवर गेली नव्हती. मोटरसायकल असो की दहा चाकी ट्रक, पाच फेऱ्या. देव उजव्या हाताला ठेवायचा, म्हणजे गाडी सारखी उजवीकडं वळणार. लिंबाजी दगडापाशी उभा राहून कान देणार. कुठं घासलं, कुठं वाजलं, तर तो हात वर करणार. देवही झाला आणि तपासणीही झाली. पन्नास वर्षांत या आवारातून गेलेल्या गाडीचं चाक निखळल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि गावात त्याचं श्रेय निम्मं आईला आणि निम्मं लिंबाजीच्या कानाला मिळायचं.

रणधीरनं गाडी सुरू केली. शेजारी आणि मागच्या चिमुकल्या सीटवर ओझ्यासाठी तीन माणसं कोंबली. ती गाडी त्या रुंद चाकांवर अशी फिरली, की पाहणारे पुढं सरकले. धूळ उडाली नाही, वळताना अंग झुकलं नाही. पितळी आरे फिरता फिरता दिसेनासे झाले, आणि काळ्या रबराची ती जाड कड जमिनीला धरून सरकत राहिली. धुरपदाबाईंनी नकळत हात जोडले. पाच फेऱ्या झाल्या. लिंबाजीचा हात वर गेला नाही.

"आवाज न्हाय," तो म्हणाला. "आबा, निस्ता वारा जातोय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा खुर्चीतून उठले. डोंगरावर नैवेद्य घेऊन भावकी आधीच गेली होती, आता गाडी निघायचीच खोळंबली होती. धुरपदाबाईंनी तबक घेतलं, चारही चाकांपुढं लिंबं ठेवायला सांगितली आणि नारळ कुणी फोडायचा यावर दोन मिनिटं सूचना दिल्या. शिवांजली म्हणाली, तेवढ्यात मी कणीक काढून घेते. ती गुडघ्यावर बसली तेव्हा दुकान तिचं झालं होतं. सगळ्यांना ते माहीत होतं, इंद्रजितलाही. त्यानं हॉटेलवाल्याला काय सांगायचं याची मनातल्या मनात जुळवाजुळव सुरू केली होती.

डाव्या मडगार्डातला थापा निघाला तो दाबलेला होता, पण अजून दोन बोटं जाड. म्हणजे छान. उजव्या मडगार्डातला थापा निघाला तो जसा लावला तसा. त्यावर तिच्या आईची बोटं उठलेली होती, चारही, अगदी नखासकट.

शिवांजलीला पहिल्यांदा बरं वाटलं. इकडं तर भरपूर जागा दिसतेय. मग ती तशीच बसून राहिली.

उजवीकडं वळताना उजव्या चाकाची मागची कड आत जाते. ती या थाप्यापासून लांबच जाणार. ती बाहेर येते ते डावीकडं वळलं की. आणि गाडी डावीकडं वळलीच नव्हती. पुण्याच्या दुकानात ती प्रत्येक गाडी दोन्हीकडं वळवून पाहायची, तो तिथला पहिला नियम होता. इथं मात्र दगड होता, पाच फेऱ्या होत्या, लिंबाजीकाकाचा कान होता. लहानपणापासून ती आबांच्या मांडीवर बसून या फेऱ्या पाहत आली होती. फेऱ्या झाल्या म्हणजे गाडी झाली, हे तिच्या हाडात होतं. तिला शंकासुद्धा आली नव्हती.

तिनं स्वतःला समजावलं, गाडीच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात. डावीकडं दोन बोटं जागा आहे तर उजवीकडंही तेवढीच असणार. आणि मग तिला सकाळ आठवली. मडगार्ड पुसताना आतलं प्लास्टिकचं अस्तर तीन ठिकाणी काळ्या बटणांनी बसवलेलं दिसलं होतं. फक्त या उजव्या बाजूला तीन स्क्रू होते. कुणीतरी ते उघडून पुन्हा लावलं होतं. या बाजूला गाडी कधीतरी ठोकली होती. तिनं स्क्रू पाहिले होते आणि चाकं बघायच्या नादात विसरली होती.

तिनं अस्तराची कड बोटानं ओढली आणि आत हात घातला. आतल्या पत्र्याची घडी वाकलेली होती, धारदार. बोटाला लागली.

तिच्या मागं धुरपदाबाई हळदीकुंकू लावत होत्या. रणधीर गॉगल पुसत होता. शिवांजलीला वाटलं, काही बोलू नये. तेवढा एक डोंगर तर चढायचा आहे. रणधीरदादाला हळूच सांगावं, डावीकडं पूर्ण वळवू नको. गाडी जाईल, आबांचा शब्द पुरा होईल आणि उद्या गुपचूप तो पत्रा ठोकून घेता येईल. हे सगळं तिच्या मनात आलं. आणि डोंगराच्या वाटेची वळणंही तिच्या डोळ्यांपुढं आली. ती अंग चोरून वळवायची वळणं नव्हती. ती उठली तेव्हा तिला रडू येत होतं.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "गाडी जायची नाही अजून. मी ती डावीकडं वळवून बघितलीच नाही."

रणधीर म्हणाला, त्यात काय, समोर सर्व्हिस रोडवर एक चक्कर मारून बघू. शिवांजलीनं मान हलवली. तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही, हा आबांचाच नियम. बघायचं तर इथं, आवारातच. आणि आवारात डावीकडं वळायचं म्हणजे दगडाला उलटी फेरी.

हे कळायला धुरपदाबाईंना एक क्षण लागला.

"उलटी फेरी मड्याला आसती," त्या म्हणाल्या. "नव्या गाडीला उलटं फिरवतीस? आईच्या म्होरं?"

लिंबाजीला वाटत होतं, हा आपल्या कानावर अविश्वास आहे, आणि तो अविश्वास खरा निघेल की काय याचीही धास्ती होती. सोनाली लेकीच्या शेजारी येऊन उभी राहिली, हातातली परात तशीच. इंद्रजितनं आबांकडं पाहिलं. आबा दगडाकडं पाहत होते. पन्नास वर्षांत या दगडाला कुणी उलटी फेरी घातली नव्हती, आणि पन्नास वर्षांत आपण प्रत्येक गाडी एकाच अंगानं तपासली, हे त्यांना आत्ता, या क्षणी, समजत होतं. मोजता येणार नाहीत एवढ्या गाड्या. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

शेवटी हलल्या त्या धुरपदाबाईच. तबकातला हिरवा खण त्यांनी उचलला, झटकला, दगडापाशी गेल्या आणि तो खण येडाईच्या दगडावर पांघरला. चारही बाजूंनी नीट खोचला.

"घटकाभर डोळं झाक गं माय," त्या दगडाला म्हणाल्या. "पोरीला काम करू दे." मग वळून शिवांजलीवर डाफरल्या, "चल, आवर लौकर. लई येळ झाकून ठिवता येत न्हाय तिला."

आबा पुढं आले. म्हणाले, मी बसतो शेजारी. त्यांना त्या गाडीत बसवायला दोन माणसं लागली, इतकी ती खाली. शिवांजलीनं कणकेचा थापा पुन्हा लावला, मागं दोन माणसं बसवली आणि स्वतः स्टिअरिंग धरलं. सीट इतकी खोल, की आबांना पुढं फक्त आभाळ आणि गाडीचं नाक दिसत होतं. पाठीखाली इंजिनाची घरघर येत होती. त्यांनी नातीकडं पाहिलं. तिचा ओठ दाताखाली होता, पण हात स्थिर होते.

गाडी डावीकडं वळली. अर्धी फेरी काहीच नाही. शिवांजलीनं स्टिअरिंग पूर्ण डावीकडं नेलं, जिथं पाणी साचून खड्डा झाला होता तिथून मुद्दाम घेतली, आणि उजव्या बाजूनं आवाज आला. मोठा नव्हता. सुपारी अडकित्त्यात धरल्यासारखा बारीक, कर्रर्र. लिंबाजीचा हात वर गेला. गेला आणि वरच राहिला.

शिवांजलीनं गाडी जागेवर थांबवली.

थापा मधोमध कापला गेला होता, अगदी आरपार. टायरच्या नव्या कोऱ्या बाजूवर बोटभर लांबीची रेघ होती. आबांना दोघांनी बाहेर काढलं. ते वाकले, त्या रेघेत नख घातलं. नख बसलं. आणखी चार वळणं, भरलेली गाडी, डोंगराचा उतार. त्यांनी नख काढून घेतलं. सगळे त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होते आणि त्यांचा चेहरा भीतीचा नव्हता. देवळात पहिल्यांदा मूर्ती पाहिल्यावर माणूस बघतो तसे ते नातीकडं बघत होते.

रणधीरनं विचारलं, पत्रा हातोडीनं आत्ताच्या आत्ता बसवता येईल का. शिवांजली म्हणाली, नाही. तो कापावा लागेल, सरळ करावा लागेल, वर रंग द्यावा लागेल, नाहीतर गंजून पुन्हा उठेल. दोन दिवस. आणि रेघ पडलेला टायरही बदलावा लागेल. आज जुनीच चाकं लावून गाडी वर न्या. एवढं बोलून ती जॅक आणायला गेली. मागं वळून तिनं कुणाकडं पाहिलं नाही, कारण ती काय म्हणून बसली ते तिला पक्कं माहीत होतं. गाडी तिच्या चाकांवर डोंगर चढणार नव्हती. उद्या सोमवार होता.

धुरपदाबाईंनी खण काढून घेतला. लिंबाजी नट सैल करू लागला. आबा पुन्हा खुर्चीत बसले होते आणि त्यांना बोलायचं होतं, पण त्यांचा शब्द त्यांनीच देऊन ठेवलेला. आयुष्यभर न मोडलेला शब्द आज मोडायचा तर तोंड उघडत नव्हतं. हे ओळखलं इंद्रजितनं. सख्खा मुलगा होता, अबोल्याची जात त्याला माहीत होती. तो पायरीवरून उठला. कंबरेवर हात ठेवून आवाराच्या मधे आला.

"आबा," तो म्हणाला, "तुमचा शब्द तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. तुमी म्हनला व्हता, गाडी न्हाय गेली तर कागद व्हतील. पर कागदावर सही माझी लागती. म्या करनार न्हाय."

आबांनी वर पाहिलं.

"तीस वर्सं म्या ह्या जागंवर बसलोय," इंद्रजित म्हणाला. बोलताना तो सोनालीकडं पाहत होता, कारण लेकीच्या दिशेनं पाहायची त्याची हिंमत नव्हती. "किती गाड्या चुकल्या आस्तील माझ्या हातून. पर गिऱ्हाईक दारात, नारळ हातात, आन् म्या म्हनलोय की माझं चुकलं, आसं एकदाबी झालं न्हाय. एकदाबी. म्या झाकलं, पाठवून दिलं, आन् रातच्याला आईला हात जोडले. हिनं सगळं घालवलं आज, आन् बोलली. दुकान हिचंच हाय. ते द्यायचं का न्हाय ह्ये आपल्या हातात ऱ्हायलंच न्हाय आता."

सोनालीनं पदर तोंडाला लावला. धुरपदाबाई म्हणाल्या, मग नारळ फोडा की कुणीतरी, हात भरून आला माझा. आबांनी खुर्चीतूनच हात पुढं केला आणि इंद्रजितनं तो धरला. त्या दोघांनी एकमेकांचा हात धरल्याचं सोनालीनं या घरात पहिल्यांदा पाहिलं.

शिवांजली तेव्हा गाडीखाली होती, पाठीवर निजून, जॅक लावत. तिला सगळं ऐकू आलं होतं. जॅक लागून झाला होता, टेकू सरळ होता, तिथं आणखी काही करायचं शिल्लक नव्हतं. तरी ती बाहेर आली नाही. त्या काळ्या रुंद चाकाला गाल लागेल इतक्या जवळ ती पडून राहिली आणि भरपूर रडली.

"शिवे," बाहेरून बापाचा आवाज आला. मग तो कंबर सावरत, कण्हत, गुडघ्यावर बसला आणि गाडीखाली हात घातला. "सतराचा पाना कुठाय? सांग, म्या देतो."